पोटरीकाकीची मोरी

पाण्याची खोली सांगायला आमच्या काकीला आकडे लागत नसत. घोटा, पोटरी, गुडघा, मांडी आणि कंबर एवढ्या पाच शब्दांत ती अख्खा पावसाळा आटपायची, आणि तोही स्वतःच्या अंगाच्या मापाने. काकी उभी राहिली तर जेमतेम माझ्या खांद्याला लागायची. त्यामुळे तिचा गुडघा म्हणजे धडधाकट पुरुषाची पोटरी, हा हिशेब गावातल्या उंच माणसांना रोज सकाळी मनातल्या मनात करावा लागे. शाळेचे हेडमास्तर ताडमाड होते. ते म्हणायचे, "काकींची कंबर येईपर्यंत मला काळजी नाही." हे त्यांनी एकदा बायकोसमोर म्हटलं आणि पुन्हा कधी म्हटलं नाही.

आमचं गाव पळसदरीच्या बाजूला, रेल्वे रुळाला चिकटून. घरं रुळाच्या अलीकडे आणि शेतं, डांबरी रस्ता, दवाखाना, कंपन्या असं बाकी सगळं जग पलीकडे. पूर्वी मध्ये फाटक होतं. ते बंद करून रुळाखालून रस्ता काढला, तेव्हा नारळ फुटला, पेढे वाटले, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्या रस्त्यात म्हशी डुंबल्या. कागदोपत्री त्याचं नाव भुयारी मार्ग. कंत्राटदाराची माणसं त्याला सबवे म्हणत, आम्ही बोगदा म्हणायचो, आणि काकी म्हणायची मोरी.

"भुयारी मार्ग कसला गं? मोरी हाय ती," ती सांगायची. "घरातल्या मोरीत बोळा बसला का पानी तुंबतं, तसं हितं तुंबतं. बोळा कुटं बसलाय त्यो बघा म्हनावं." साहेब येवोत, सरपंच येवोत, फोटो काढायला कोणी येवो, काकीचं हेच. साहेब लोक हसून मान डोलवायचे आणि पंप मागवायचे. बोळा शोधायला कोणी वाकलं नाही.

काकीच्या दोन गाई होत्या आणि शेत पलीकडे. रोज उजाडता उजाडता ती गाईंच्या मागे बोगद्यातून जायची. पाणी असलं की शेपूट धरून, लुगडं वर खोचून. पहिले दोन पावसाळे तिने तो बोगदा असा पायांनी पाठ केला. मग तिच्या ध्यानात आलं, की तोंडाशी सिमेंटच्या भिंतीवर, ती ओतताना लावलेल्या फळ्यांच्या आडव्या रेघा उमटल्या आहेत. तिसरी रेघ बुडाली की आत पोटरी, पाचवी बुडाली की गुडघा. तेव्हापासून तिला पाण्यात उतरायची गरज उरली नाही. डोक्यावर प्लॅस्टिकचा घोंगता घेऊन ती तोंडाशी एका धोंड्यावर बसायची, आणि कंपन्यांत पहिल्या पाळीला निघालेली माणसं लांबूनच विचारायची, "काकी, किती?"

"पोटरी! जावा बिनघोर."

पोटरी म्हणजे मोटारसायकल जाते. गुडघा म्हणजे फक्त टेंपो. मांडी म्हणजे दहा-अकरा किलोमीटरचा वळसा, आणि कंबर म्हणजे घरी जाऊन झोपा. सर्वांत जास्त वेळा जो शब्द ऐकला तोच तिला चिकटला, आणि ती पोटरीकाकी झाली. मला वाटायचं हे तिला माहीत नसेल. एकदा मीच चुकून तिच्या तोंडावर तसं म्हणून बसले आणि जीभ चावली. काकी शांतपणे म्हणाली, "ठाव हाय मला. गुडघाकाकी म्हनला असतात तर राग आला असता. त्यो दुखतो."

तिचा कौल सरसकट नसे. एकाला ती पोटरी सांगून सोडायची आणि मागच्याला थांबवायची, "तुजी गाडी खोकते, तू थांब." गाड्या ती नंबरावरून ओळखत नसे, आवाजावरून आणि मालकाच्या बापावरून ओळखायची. सातव्या महिन्यातल्या माझ्या वहिनीला तिने घोट्याएवढ्या पाण्यातूनही परत पाठवलं होतं. वहिनी चिडली, तर काकी म्हणाली, "तू येकली आसतीस तर सोडली आसती." एका शिकल्यासवरलेल्या गृहस्थांनी मोबाइलमध्ये पावसाचा अंदाज दाखवला, तेव्हा तिने तो मन लावून पाहिला आणि विचारलं, "ह्याला आपली मोरी ठाव हाय का?" त्यांनी मोबाइल खिशात ठेवला.

तीन वर्षांपूर्वी श्रावणाच्या तोंडावर घाटावर दोन दिवस वादळी पाऊस झाला. डोंगरातून चिखल, ओंडके, दगड असं सगळं उतरलं आणि बोगद्यात येऊन बसलं. पाणी ओसरलं तेव्हा जमिनीचं सिमेंट उखडलेलं आणि एका बाजूची भिंत फुगलेली. दुरुस्ती करायची ठरली, आणि तोंडाशी बोर्ड लागला: काम पूर्ण होईपर्यंत दर शनिवारी आणि रविवारी मार्ग बंद. शनिवार-रविवारी लोकांना सुट्टी असते, अशी बोर्ड लिहिणाऱ्याची समजूत. मी रसायनीला एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला. आमची सुट्टी गुरुवारी. कुंभिवलीकडच्या कारखान्यांत जाणाऱ्यांची शुक्रवारी. ठाकूरवाडीच्या बायका शनिवारी रानभाजीच्या पाट्या घेऊन कर्जतच्या बाजाराला जायच्या, त्यांना तर सुट्टी हा शब्दच लागू नव्हता.

यावर तोड काकीने काढली. पलीकडे तिचं खळं होतं, भात झोडायची मोकळी जागा. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही गाड्या त्या खळ्यावर लावून चालत घरी यायचो, आणि शनिवारी-रविवारी जुन्या फाटकाच्या जागेवरून रूळ ओलांडून गाडी गाठायचो. रूळ ओलांडणं चूकच, पण मग बरोबर काय ते कोणी सांगितलं नाही. काकी तिथेही उभी असायची. दोन्हीकडे पाहून झाल्याशिवाय ती कोणाला पाऊल टाकू देत नसे, आणि कानात वायरी घातलेल्यांच्या वायरी स्वतः ओढून काढायची. खळ्यावर तीस-पस्तीस गाड्या एकमेकींना टेकून उभ्या, त्यांच्यावर भाताच्या पेंढ्या झाकायचं मोठं ताडपत्रीचं कापड. "आवंदा पीक बरं आलंय," ती गाड्यांकडे बघून म्हणायची.

सुट्टीचे पाहुणे मात्र चुकून यायचेच. धरणावर निघालेल्या मोठ्या मोठ्या गाड्या मोबाइलवर विश्वास ठेवून थेट बोगद्याच्या तोंडाशी थडकायच्या. काच खाली व्हायची, "आंटी, रोड किधर है?" काकीचं हिंदी तिच्यासारखंच आटोपशीर. "रोड खोद्या हाय. तुम घर को जाव," ती म्हणायची, आणि कोणाबरोबर लहान मूल असलं तर त्याच्या हातात एक काकडी द्यायची.

आता त्या सोमवारची गोष्ट. कामवाल्यांनी त्या रविवारी मधला भाग हातभर खाली खोदला होता. सिमेंट पुढच्या शनिवारी पडायचं होतं. तसा बोर्डही लावला होता. रात्री पाऊस झाला आणि सकाळी बोगद्यात पाणी. मी पाळीला निघालेली, माझ्यामागे आणखी चौघे-पाचजण. काकी धोंड्यावर होती. तिने भिंतीकडे पाहिलं. तिसरी रेघ बुडालेली, चौथी कोरडी.

"पोटरी. जा, शैले."

मी गेले. मध्यापर्यंत पोटरीच होती. मग पुढचं चाक खाली गेलं, ते जातच राहिलं, आणि मी गाडीसकट त्या गढूळ पाण्यात आडवी झाले. गाडी माझ्या पायावर. तोंडात चिखल गेला तेवढं मला आठवतं, आणि मागून काकीचं ओरडणं. मागच्या दोघांनी उड्या टाकून मला ओढून काढलं. घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं.

चार दिवसांनी काकी घरी आली. एरवी ती थेट चुलीपर्यंत यायची, त्या दिवशी उंबऱ्याबाहेर उभी. पदरात करटोली. आई म्हणाली, आत ये की गं. ती आली आणि माझ्या प्लॅस्टरकडे बघत बसली.

"काकी, तुझी काय चूक?" मी म्हटलं. "जमीन त्यांनी खोदली. बोर्ड पण होता."

"बोर्ड व्हता," ती म्हणाली. "पन बोर्डाकडं कोन बघतंय? समदी माज्याकडं बघतात. आन् मी भिंतीकडं बघितलं. भिंत तीच व्हती गं, शैले. खालची भुई बदलली. मी उतरून बघायला पायजे व्हतं. बसून सांगायची सवय लागली मला." मग तिने डोळ्यांना पदर लावला. मी काकीला रडताना पाहिलं ते एवढंच एकदा, आणि मला स्वतःच्या पायापेक्षा ते जास्त लागलं.

त्यानंतर काकीने सांगणं बंद केलं. सकाळी ती गाई घेऊन जायची, पण "काकी, किती?" म्हटलं की मान हलवायची. "मला नाय कळत. बोर्ड वाचा." कंत्राटदाराने भिंतीवर लाल रंगात मीटरचे आकडे रंगवले होते. लोक ते वाचायचे आणि एकमेकांना विचारायचे, पण म्हणजे काकीचं किती? अर्ध्याअधिक जणांनी वळसा धरला. दोघांची पाळी चुकून चुकून कंपनीने त्यांना घरी बसवायची धमकी दिली. मला माझ्या कंपनीचा निरोप आला, की ठरल्या सोमवारी हजर झाली नाहीस तर जागा भरून टाकू. लॅबमधली ती जागा मी सहा वर्षं राबून मिळवली होती. घरात माझाच पगार नियमित. मी प्लॅस्टर निघायचे दिवस मोजत होते, आणि त्या पाण्यात पुन्हा गाडी घालायच्या नुसत्या विचाराने मला घाम फुटत होता.

मी अंथरुणावर असताना काकी काय करत होती, ते मला नंतर बोगद्याच्या कामावरच्या सुपरवायझरकडून कळलं. तो सोलापूरकडचा, बोलायला मोकळा माणूस. दर रविवारी संध्याकाळी, मार्ग उघडायच्या आधी, काकी यायची आणि कोरड्या बोगद्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालायची. एकदा मधून, एकदा डाव्या कडेने, एकदा उजव्या. तो म्हणायचा, "मावशी, चप्पल घाला, खिळे पडलेत." ती म्हणायची, "चपलीला काय कळतंय?" तिसऱ्या का चौथ्या रविवारी ती एका कोपऱ्यात थांबली आणि पाय आपटून म्हणाली, "हितं खाली पोकळ हाय. हितनं आमचा वहाळ जायचा." त्याने गंमत म्हणून पहार घातली, तर खाली ओढ्याचं पाणी जायचा जुना मोठा पाइप, फाटक्या पोत्यांनी आणि सिमेंटच्या गोळ्यांनी गच्च बसलेला. बांधताना कोणीतरी बुजवून टाकलेला. काकी खाली वाकली, पाहिलं आणि म्हणाली, "ह्यो बगा बोळा."

माझा सोमवार आला तेव्हा हस्ताचा पाऊस लागला होता. पाइप मोकळा झाला होता, पण पलीकडचं तोंड अजून जोडायचं राहिलं होतं, त्यामुळे पाणी होतंच. मी भावाची गाडी घेऊन आले. तोंडाशी पंधरा-वीस गाड्या थांबलेल्या, कोणी उतरत नव्हतं, सगळे घड्याळ बघत होते. काकी घोंगता घेऊन बाजूला उभी होती, तोंड फिरवून. कोणीतरी म्हणालं, शैला आली. तिने वळून पाहिलं. मी गाडी पाण्याच्या कडेपासून दोन पावलं मागे ओढली ते तिला दिसलं असणार, कारण ती घोंगता काढून धोंड्यावर ठेवून पाण्यात उतरली.

ती त्या टोकाला जाऊन परत आली. या कडेने गेली, त्या कडेने आली. मग ती माझ्या गाडीसमोर येऊन उभी राहिली. लुगडं चिंब, पायांना चिखल.

"पोटरी हाय," ती म्हणाली. "पन तू माज्या सांगन्यावर जाऊ नको. मी फुडं चालते, तू माज्या मागं ये."

आणि ती चालायला लागली. तिच्या पोटऱ्या पाण्यात, दोन्ही हातांनी लुगडं धरलेलं, दर चार पावलांनी मागे वळून पाहणं. मी पहिल्या गियरमध्ये तिच्यामागे. माझ्या मागे एक-एक करत सगळ्या गाड्या. मध्यावर, जिथे मी पडले होते तिथे, ती थांबली, दोन्ही पाय तिथे आपटून दाखवले, आणि मला म्हणाली, "बघ, भक्कम हाय." पलीकडे निघालो तेव्हा मागून कोणीतरी हॉर्न वाजवला, मग सगळ्यांनीच वाजवला. काकी म्हणाली, "बास, गाई बुजतील." मी पाळीला वेळेवर पोचले.

दिवाळीच्या आत काम संपलं. वहाळाचा पाइप जोडला गेला आणि त्यानंतर बोगद्यात पाणी साचलेलं नाही. पुढचा संबंध पावसाळा काकी सकाळी तोंडाशी यायची, आत डोकवायची, "कोरडी हाय" म्हणायची आणि गाई हाकायची. तिला कोणी काही विचारत नसे. मी म्हटलं, काकी, आता चुकल्यासारखं वाटतं का गं? ती म्हणाली, "येडी का काय तू? मोरी कोरडी ऱ्हावी म्हनून तर बोळा काढला." गेल्या माघात ती झोपेतच गेली. गाई आता तिची सून नेते.

मी अजूनही रोज त्याच बोगद्यातून जाते. जमीन सपाट आहे, कोरडी आहे, दिवे लागले आहेत. मागचे लोक हॉर्न वाजवतात, कारण माझी गाडी तिथे पहिल्या गियरच्या वर जात नाही. त्यांना घाई असते. मला पुढे चालणाऱ्या बाईच्या अंगावर गाडी घालवत नाही.