गिटार थांबल्यावर

सिंदेवाहीच्या एसटीत शेजारी बसलेल्या त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. मांडीवरच्या टोपलीतल्या मोहफुलांमधला काडीकचरा ती निवडत होती. माझ्या मोबाईलवर एका गाजलेल्या रॉक गायकाचा नवा अल्बम लागला होता आणि तिच्या पायानं नकळत ठेका धरला होता. त्यातल्या शेवटच्या गाण्यात गिटार थांबते आणि दोन मिनिटं नुसतं जंगल ऐकू येतं. पेपरवाल्यांनी ती दोन मिनिटं डोक्यावर घेतली होती. 'मनःशांती' म्हणे. मीही माझ्या परीक्षणात तसंच लिहिलं होतं.

तिचे हात थांबले. "बंद कर ते!"

"बाई, जंगलातली शांतता आहे ही," मी समजावायला गेलो.

"शांतता?" ती कडाडली. "वांदरं बोंबलून राह्यले, आयकू नाई येत तुले? वाघ दिसला का असे बोंबलते ते. माही जाव मोहफुलं वेचता वेचता गेली, तवा असेच बोंबलत होते."

मी गाणं बंद केलं. कौतुक करणाऱ्या आम्हा सगळ्या शहाण्यांची मला चीड आली.

"हा आवाज आला का आमी जीव घेऊन पळतो," ती म्हणाली. "अन् हा गाणारा पुरा टेप करत बसला."

मग एक काडी खिडकीबाहेर भिरकावून म्हणाली, "सफारीच्या गाडीत असन."