पायमोज्यातला टाक

देवघरातला खंडोबाचा चांदीचा टाक मी नवऱ्याच्या पायमोज्यात लपवला होता. एवढं एक वाक्य लिहायला मला कितीतरी महिने लागले. मुळात मी बोलकी नाही, आणि ही गोष्ट तर तोंडातून निघण्यासारखी नव्हतीच.

आमचे हे आमच्या खेड्यात, गोरेगावला, कपडे शिवतात, पायाच्या मशीनवर. डाव्या मूत्रपिंडावर गाठ निघाली, आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्यात रोबोटनं ऑपरेशन करायचं ठरलं. देवावर माझा विश्वास होता, पण तेव्हा तो पुरेना. हे मशीनच्या हाती जाणार आणि देव घरी राहणार, हे सोसवेना; म्हणून देवाचा ठसा असलेला तो चपटा, नाण्याएवढा टाक पदराला बांधून नेला. सकाळी सिस्टरनं अंगावरचा सगळा धातू उतरवायला सांगितला, यांचा चांदीचा करदोडासुद्धा. आमच्यात करदोडा सोडतात तो मेलेल्या माणसाचा. "मावशी, आता अंगावर काही नाही ना?" तिनं विचारलं. "न्हाई," मी म्हणाले. ती वळताच यांना दवाखान्यानं घातलेल्या मांडीपर्यंतच्या घट्ट पांढऱ्या मोज्यात, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, टाक सरकवला. हे गोळीच्या गुंगीत होते. देव पायात ठेवतेय हे कळत होतं. निदान शुभ म्हणून उजवा पाय निवडला.

यांना आत नेल्यावर मी बाहेर बाकावर बसले. शेजारी वारंगा फाट्याची एक बाई होती, तिच्या दिराचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. आतला एक कर्मचारी बाहेर आला तसं तिनं त्याला धरलंच. "ओ दादा, माझ्या दिराचं कंबरडं मोडकं हाय. कसं निजवता तुमी?"

तो थांबून सांगू लागला. गाठ डावीकडं असली की उजव्या कुशीवर निजवतात, पट्ट्यांनी बांधतात, हाडांखाली मऊ गाद्या देतात. एकदा मशीनचे हात पोटात गेले की तासन् तास माणूस तसूभर हलवता येत नाही. "गुडघ्याच्या बाहेरून शीर जाते. तिथं नाण्याएवढं जरी काही दाबत राहिलं, तरी पाऊल लुळं पडू शकतं."

उजवी कूस. उजवा गुडघा. यांचं सगळं वजन त्या टाकावर, आणि तो तिथं ठेवणारी मी. कानात नुसती शिट्टी वाजू लागली. समोर माणसं बोलताना दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं.

"काहून थरथरून राहिल्या ओ?" बाईनं दंड धरला. मी कसंबसं सांगितलं.

"मंग बसल्या काहून?"

"डाक्टर रागावतील."

"रागवू द्या की! देवाला आत धाडताना लाजल्या न्हाई, आन् आता बाहेर काढायला लाजता व्हय?" तिनं मला ओढत नेलं आणि ऑपरेशनच्या खोलीच्या दारावर थापा मारल्या. दार उघडलं, तेव्हा मात्र ती मागं सरली. सांगायचं मलाच होतं. मी सांगितलं.

सिस्टर धावत आत गेली. परतली तेव्हा तिच्या तळहातावर टाक होता. "वळ उठलाय फक्त. मशीनच्या एका हातावरचं निर्जंतुक आवरण फाटलं, ते बदलत होतो म्हणून थांबलो होतो. नाहीतर एव्हाना सुरू झालं असतं, मावशी."

ते आवरण का फाटलं, आणि कर्मचाऱ्याला तेव्हाच विचारावं असं त्या बाईच्या मनात का आलं, मला माहीत नाही. टाक माझ्या हातात होता आणि हे आत. सकाळी जे सोसवत नव्हतं, तेच आता समोर होतं. मी नवस बोलले नाही. एवढंच म्हटलं, "देवा, आता तुझं तू बघ." आणि कितीतरी दिवसांनी छाती मोकळी झाली.

ऑपरेशन नीट झालं. पण टाक देवघरात ठेवायला मन धजेना, म्हणून पेटीत ठेवला. ती रिकामी जागा हे रोज बघायचे, विचारायचे नाहीत. ज्या दिवशी हे पहिल्यांदा मशीनवर बसले, त्या दिवशी मी टाक आणून समोर धरला आणि सगळं सांगितलं.

"देवाला पायात घातलंस?"

"व्हय."

यांनी टाक हातात घेऊन उलटसुलट पाहिला, परत माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "आन् मला इचारलं बी न्हाईस."

यांनी कापड सुईखाली सरकवलं, उजवं पाऊल फळीवर ठेवलं आणि दाबलं. मशीन चालू लागली. तो आवाज ऐकत मी टाक धुतला, पुसला आणि त्याच्या जागी ठेवला.