सात पिढ्या विचारणारी

नारिन या डोंगराळ शहराच्या बाजारात, मोबाइलच्या कव्हरांची रांग संपते तिथे, एका जुन्या कंटेनरमध्ये बुरुलचा-एजेचे दुकान आहे. साठीला टेकलेली ही स्त्री, साऱ्या बाजाराची 'एजे' म्हणजे ताई, संगणक दुरुस्त करते. तिच्या हाताखालून गेलेली हार्ड डिस्क तक्रार घेऊन परत आली, असे त्या बाजारात कोणाच्या ऐकिवात नाही. ही कीर्ती तिने कोणत्या विद्यापीठातून आणलेली नव्हती. तरुणपणी ती लोकर निवडण्याच्या सरकारी कोठारात होती. लोकर वरून नेहमीच शुभ्र दिसते; काटे आणि कुजलेले पुंजके आत दडलेले असतात, आणि ते डोळ्यांना नव्हे, बोटांना कळतात. पुढे तिचा देश ज्या संघराज्यात होता ते मोडले, कोठाराला कुलूप लागले. बोटांची सवय मात्र तिच्यासोबत घरी आली.

म्हणूनच जुनी डिस्क रिकामी करताना ती 'क्विक', म्हणजे झटपट, फॉरमॅटच्या वाटेला जात नसे. "क्विकने नुसती दारावरची पाटी निघते," ती म्हणे, "आतल्या खोल्या धड आहेत का पडल्यात, कसं कळायचं?" फुल फॉरमॅट डिस्कचा कण न् कण चाचपून पाहतो. त्याला पाच-पाच तास लागतात, गिऱ्हाइके कुरकुरतात, आणि एजे शांतपणे चहा ओतते.

जूनमधल्या एका सकाळी पावणेआठच्या सुमारास नुरदोलोत हा शाळामास्तर धापा टाकीत आला. हातात जुन्या मालाच्या टपरीवरून घेतलेली डिस्क होती.

"एजे, एवढी रिकामी करून द्या. क्विकच करा हं! एक वाजता सागिनचा ट्रक कुरणावर निघतोय."

"चांगली आहे का रे ही?"

"दिसायला तर नवीच आहे."

"दिसायला सागिनचा ट्रकही नवाच आहे, मास्तर. दर वसंतात रंग देतो तो."

मास्तर हसला नाही. वर कुरणावर कालिचा-आपा होती; वय एकोणनव्वद. लेकीला सासरी पाठवताना गायची तीस गाणी त्या खोऱ्यात आता एकट्या तिच्या कंठात उरली होती, आणि तिचा दम दिवसेंदिवस अपुरा पडत होता. दोन वर्षांच्या मनधरणीनंतर तिने होकार दिला होता. मास्तरच्या संगणकात तासाभराचे चित्रणही मावत नव्हते, आणि पुढचा ट्रक दहा दिवसांनी होता.

"आणि ती गाणी तू असल्या परक्या पेटीत ठेवणार?" एजेने डिस्क तळहातावर जोखली. "तुझ्या दारात अनोळखी माणूस आला तर काय विचारतोस?"

"सात पूर्वजांची नावं. रीतच आहे आपली."

"मग हिलाही विचारू दे."

"अहो, माणसाला सात नावं सांगायला मिनिट लागतं! हिला दुपार होईल!"

"खानदान मोठं आहे तिचं. बस. पाव खा."

मास्तर बसला, म्हणजे बसला, उठला, पुन्हा बसला. पडद्यावरचा आकडा मुंगीच्या पावलांनी चढत होता. अकरा वाजता तो एकसष्ट टक्क्यांवर आला आणि थांबला. डिस्कमधून टिकटिक ऐकू येऊ लागली. एजेने तिच्यावर बोटे टेकवली आणि डोळे मिटले.

"काटा आहे इथे," ती हळूच म्हणाली. "एक नाही, जाळंच आहे. क्विक केलं असतं तर निम्म्याहून जास्त गाणी नीट उतरली असती. नंतरची घरी येऊन ऐकायला गेला असतास, तेव्हा कळलं असतं की ती उतरलीच नाहीत."

मास्तरचा चेहरा उतरला. "मग आता? दुसरी घ्यायची तर तिलाही पाच तास. ट्रक चुकला, एजे."

एजेने खण उघडून लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळलेली एक डिस्क काढली. ही तिच्या रोजच्या कामाची. दुकानाची सारी हत्यारे हिच्यावर. त्यांच्या प्रती संगणकात आहेत याची तिने खात्री केली, डिस्क जोडली, आणि ज्या बटणाला तिने कधी शिवलेले कोणी पाहिले नव्हते ते दाबले.

"एजे! तुम्ही? आणि क्विक?"

"हिवाळ्यात हिला मी तीनदा पूर्ण तपासलंय. हिची सातही नावं मला पाठ आहेत. ओळखीच्या पाहुण्याला कोणी दारात उभं करून वंश विचारतं होय? तो थेट आत, मानाच्या जागी."

"आणि तुमचं दुकान?"

"दहा दिवस लंगडत चालेल. पळ आता, आणि सागिनला म्हणावं, खड्डे बघून हाक!"

अकराव्या दिवशी मास्तर परतला. आल्या आल्या त्याने डिस्क जोडली. पडद्यावर कालिचा-आपा दिसली; पांढरा फेटा, कोरलेल्या लाकडासारखा चेहरा. ती गायला लागली नाही. तिने आधी बोट रोखले.

"थांब. माझा आवाज जे ठेवून घेणार, ते कोणाच्या घरचं?"

"नारिनच्या बुरुलचा-एजेच्या घरचं, आपा. जुमाशची लेक."

"ओमुरचा जुमाश?" वृद्धा सरसावून बसली. "ओमुर तोकोयचा. तोकोय बेकतुरचा, बेकतुर एसेनचा, एसेन चालबायचा, चालबाय कुतुबायचा." तिने श्वास घेतला. "बरं. मग गाते."

आणि पहिले गाणे सुरू झाले. शेजारचे दुकानदार दारात गोळा होऊ लागले. एजेने चित्रण थांबवले, मागे नेले, आणि ती सात नावे पुन्हा लावली. या वेळी ती स्टुलावर बसली नव्हती. वडीलधारे घरात येताना लेक उभी राहते, तशी ती ताठ उभी होती. आणि सातवे नाव उच्चारले जाईपर्यंत तिने कोणालाही आत पाऊल टाकू दिले नाही.