नाव टाकून बघितलं तर...

चाकणला नोकरी करणाऱ्या माणसाकडे किस्से साठतात, कारण मोशीपासून पुढे गाडी हलत नाही आणि तोंड बंद राहत नाही! आमच्या गाडीत आम्ही चौघं. गाडी बाळासाहेबांची. ते चऱ्होलीचे. गावात जमिनींना सोन्याचा भाव आला, शेजाऱ्यांनी बंगले बांधले, तरी यांनी स्टोअरची नोकरी सोडली नाही. मी आणि अकाउंट्सच्या माधुरीताई मोशीच्या चौकात बसतो. प्रियांका क्वालिटीत आहे, ती पुढे कुरुळी फाट्यावर चढते. मी एचआरमध्ये, म्हणजे कोणी अर्ज केला की आधी त्याचं नाव नेटवर टाकून बघणारी. गाडीत याच विषयावरून इतकं काही झालंय की आता न सांगता राहवत नाही.

*

सुरुवात बाळासाहेबांपासूनच करते.

आमच्या कंपनीत परदेशी कस्टमर यायचे होते. ऑडिट होतं. ही मंडळी तयारीची पक्की असतात. कोण कोण भेटणार, त्या सगळ्यांची नावं आधी शोधून आलेली. स्टोअरमध्ये शिरल्याशिरल्या त्यांच्यातल्या मुख्य बाईंनी बाळासाहेबांचा हात हातात घेतला, दोनदा हलवला आणि अतिशय अदबीनं विचारलं, "तुम्ही राजकारणात आहात ना?"

मी भाषांतर केलं. बाळासाहेब गडबडले. "न्हाई हो! मी स्टोअरला हाय!"

बाईंनी मोबाइल पुढे केला. त्यावर बाळासाहेब. गॉगल, गळ्यात हार, मागे वाघ, वर ढग आणि ढगांवर लिहिलेलं, 'भावी नगरसेवक'. वाढदिवसाच्या फ्लेक्सचे असे फोटो पुतण्या दरवर्षी फेसबुकवर टाकायचा. इंटरनेटवर बाळासाहेब म्हणजे फक्त तेवढेच! पंचवीस-तीस वर्षं ज्या माणसाच्या स्टोअरमध्ये एक नट इकडचा तिकडे झाला नाही, त्याबद्दल एक ओळसुद्धा कुठे नाही.

संध्याकाळी परतताना गाडीतूनच त्यांनी पुतण्याला फोन लावला. स्पीकरवर.

"ते समदं काढ."

"काका, लाइक किती आलेत बघा तरी! आणि आता काढलं तर लोक म्हणतील, माघार घेतली."

"आरं, 'भावी' म्हंजे अजून झालो न्हाई ना? मग जे झालंच न्हाई ते काढायला काय जातंय!"

रात्रीच्या आत सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी बाळासाहेबांनी माझ्याकडून प्रोफाइल बनवून घेतलं. फोटो स्टोअरमधल्या रॅकसमोरचा. गॉगल नाही, वाघ नाही. हुद्द्याच्या जागी काय लिहू विचारलं, तर म्हणाले, "विद्यमान स्टोअर मॅनेजर."

*

हा छोटासा आहे.

आमचे प्लांटचे मोठे साहेब लिंक्डइनवर फार लिहायचे. एकदा रात्री त्यांनी लांबलचक पोस्ट टाकली. कामाबाहेरही आयुष्य असतं, वेळेत घरी जा, मुलांबरोबर जेवा, मी स्वतः हा नियम कटाक्षाने पाळतो वगैरे. आम्ही सगळ्यांनी इमानदारीत लाइक केलं. नोकरीचा प्रश्न होता.

थोड्याच वेळात खाली त्यांच्या ड्रायव्हरची कमेंट. "सर, गाडी केव्हाची लावलीय. खाली येताय ना?"

कमेंट काढायला साहेबांना दुसरा दिवस उजाडला. तोवर तिला पोस्टपेक्षा जास्त लाइक होते!

*

सेफ्टी ऑफिसरच्या जागेसाठी मुलाखती चालू होत्या. तळेगाव दाभाड्याचा एक मुलगा आला. सूरज. मार्क चांगले, बोलणं चांगलं, शर्टाला कडक इस्त्री. मी आदल्या दिवशी त्याचं नाव टाकून बघितलं होतं. लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

रीलमध्ये हा चालत्या बाइकवर उभा. हात सोडलेले. हेल्मेट नाही. खाली लिहिलेलं, 'मरणाला सांगा, रांगेत थांब'.

सेफ्टी हेडनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे तुम्हीच?"

"सर... चेहरा माझाय," सूरज घाम पुसत म्हणाला. "विचार मित्राचे होते."

हसू दाबता दाबता माझी वाट लागली, पण नोकरी गेली ती गेलीच. दारापर्यंत जाऊन तो परत आला. "मॅडम, आता काय करू? सगळं डिलीट करू?"

मी म्हटलं, "डिलीट तर करच. पण मग तिथं काय उरतं, तेही बघ."

मला वाटलं, पोरगं विसरून जाईल. काही महिन्यांनी सेफ्टी हेडनीच मला एक व्हिडिओ पाठवला. तोच रस्ता, तीच बाइक, पण उभी केलेली. सूरज हेल्मेट हातात घेऊन बोलत होता. "याच वळणावर मी स्टंट करायचो. शूटिंग माझा मित्र करायचा. नंतर तो एकटाच करायला गेला. आज तो काठी घेऊन चालतो." पुढे रस्त्यावर कसं पडतात, लोखंडी गेटवर कसं आपटतात, कामावर हातमोजे का घालतात, असे त्याचे कितीतरी व्हिडिओ. कोणी शिकवलं नव्हतं. चिकाटीनं करत राहिला होता.

त्याला आम्ही बोलावून घेतलं. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कंपनीच्या गेटच्या आत त्यानं आमचीच गाडी अडवली.

"काका, बेल्ट."

"आरं, आता आत आलोय की!" बाळासाहेब म्हणाले.

"आत आलात म्हणून तर माझ्या हद्दीत आलात!"

*

प्रियांकाचं सांगताना मात्र अजून राग येतो.

ती अंबाजोगाईकडची. कुरुळीत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. एक दिवस ती फाट्यावर गाडीत चढली. चिंबळी मागे पडलेलं, पुढे ट्रकांची रांग, आणि ही खिडकीकडे तोंड करून बसलेली. माधुरीताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवल्यावर तिनं मोबाइल दिला. तिच्याच फोटोंचं, तिच्याच नावाचं इन्स्टाग्राम अकाउंट. पण तिचं नव्हे. खाली घाणेरडं काहीबाही लिहिलेलं, तेही इंग्रजीत. प्रॉडक्शन लाइनवरची पोरं फॉलो करत होती. दोघांनी तर तिला येऊन विचारलंही होतं.

"घरी कळलं तर परत बोलावून घेतील," ती म्हणाली. "नोकरी सुटंल माझी."

आम्ही रिपोर्ट केलं. उत्तर आलं, आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. कँटीनमध्ये जेवायला बसलेल्या प्रत्येकाकडून रिपोर्ट करवलं. तेच उत्तर! सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या, पण म्हणाल्या, वेळ लागेल.

"वेळ लागला तर लागू दे," प्रियांका म्हणाली, "पण तोवर मी लपून नाही बसणार." आणि तिनं स्वतःच्या खऱ्या अकाउंटवरून त्या प्रत्येक फोटोखाली लिहायला घेतलं, 'ही मी. हे अकाउंट माझं नाही. फोटो चोरलेत. तक्रार केली आहे.' ज्यानं ते अकाउंट काढलं तो पुसायचा, ही परत लिहायची. तो पुसायचा, ही परत. दिवसभर. चहाच्या सुट्टीत, जेवणाच्या सुट्टीत, गाडीत.

शेवटी तिनं मन घट्ट केलं आणि जे सगळ्यात अवघड होतं ते केलं. आईला फोन करून सगळं सांगितलं.

आईनं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. प्रियांकाचं तोंड उतरलं. आता वडील फोन करणार, बॅग भरायला सांगणार. पण फोन आला नाही. धाकट्या बहिणीच्या मोबाइलवरून त्या अकाउंटवर आईचीच कमेंट आली. मोठ्या अक्षरांत छापावी अशी.

'कोण रे तू? माझ्या लेकराचे फोटो लावून बसलास. माझं लेकरू असलं घाण बोलत नसतंय. तुझ्या आईचा नंबर दे. मला तिच्याशी बोलायचंय.'

त्याखाली मावशीची कमेंट. 'आईचा नंबर दे.' मग काकूची. मग मामीची. मग आमच्या लाइनवरच्या बायकांची. नुसतं एकच, आईचा नंबर दे, आईचा नंबर दे!

दुपारची शिफ्ट सुरू व्हायच्या आत अकाउंट गायब.

*

माझ्या अण्णांचं वेगळंच. सगळ्यांना नेटवरून काहीतरी काढायचं असतं, त्यांना यायचं होतं!

अण्णा पिंपरीतल्या एका कारखान्यात आयुष्यभर लेथवर होते. निवृत्त झाल्यावर एकदा माझ्याशेजारी येऊन बसले. "तू सगळ्यांची नावं शोधतेस. माझं टाक बघू."

टाकलं. त्यांच्या नावाचे एक डॉक्टर निघाले, एक गायक निघाले, एक शाळा निघाली. अण्णा नाही.

"म्हणजे मी नाहीच?" त्यांनी शांतपणे विचारलं.

कपाटातून त्यांनी जुने फोटो काढले. कारखान्याच्या गेटवरचा दोस्तांचा. विहारात चालवायचे त्या अभ्यासवर्गाचा, समोर मांडी घालून बसलेली पोरं. मी ते स्कॅन केले, अण्णांनी सांगितली तशी प्रत्येकाची नावं, कोण कोणत्या मशिनवर, कोणता मुलगा पुढे काय झाला, सगळं लिहिलं आणि त्यांच्या नावानं एक ब्लॉग सुरू करून त्यावर टाकलं. अण्णा रोज एक फोटो द्यायचे. मी कंटाळले, ते नाही कंटाळले. हळूहळू जुने कामगार, त्यांची मुलं, नातवंडं खाली लिहायला लागली. अभ्यासवर्गातली एक मुलगी आता न्यायाधीश आहे. तिनं लिहिलं, 'गणित मला सरांनी शिकवलं.' अण्णांनी तिला उत्तर दिलं, 'भूमितीत कच्ची होतीस.'

एकदा मीटिंगमध्ये असताना त्यांचा फोन. उचलला नाही. परत आला. परत. घाबरून बाहेर गेले.

"अण्णा, काय झालं?"

"अगं, आलो मी! डॉक्टर अजून वर आहे, पण आलो!"

*

आता माधुरीताईंचं.

त्यांचं आडनाव सांगत नाही, पण आमच्या भागात शाळेच्या कुठल्याही वर्गात त्या आडनावाच्या तीन तरी मुली सापडतात. मोशीच्या त्यांच्या सोसायटीत त्यांना खजिनदार करायचं ठरलं होतं. कंपनीचे सगळे हिशेब सांभाळणारी बाई, कोण नको म्हणणार? त्याच सुमाराला सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी एक जुनी बातमी टाकली. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत अपहार, महिला कर्मचाऱ्याला अटक. नाव तेच. आडनाव तेच. बातमीखाली गृहस्थांनी एक शब्दही लिहिला नव्हता. नुसतं प्रश्नचिन्ह.

माधुरीताईंनी ते गाडीत बघितलं. मग त्यांनी स्वतःचं नाव टाकून पाहिलं. सगळ्यात वर ती बातमी आणि शेजारी त्यांचा स्वतःचा हसरा फोटो.

"अकाउंटंट बाईवर याच्यापेक्षा मोठा डाग नाही गं," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी त्या न्यूज पोर्टलला मेल केला. उत्तर आलं, 'ही बातमी आपल्याबद्दल नसल्यामुळे आपल्या विनंतीवरून काढता येणार नाही.' मी सुचवलं, नावात मधे मिस्टरांचं नाव घाला, नाहीतर माहेरचं आडनाव लावा.

"का लावू? मी काय केलंय? नाव माझं आहे."

आणि दर रविवारी त्या लिहायला लागल्या. मराठीत, पूर्ण नावानं, फोटोसकट. पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बाईनं हिशेब कसा ठेवावा. बचत गटाचं खातं. पार्लरवालीला जीएसटी लागतो का. घरातले म्हणाले, कोण वाचणार! सुरुवातीला आम्ही तिघंच वाचायचो. मग बचत गटवाल्या बायका वाचायला लागल्या. मग त्यांना भाषणाला बोलावणं आलं, त्याचे व्हिडिओ झाले. ताप असो, लग्न असो, रविवार चुकला नाही. त्यांचं लिखाण वर येत गेलं, ती बातमी आधी खाली सरकली, मग मागच्या पानावर गेली, मग शोधूनही पटकन सापडेना.

प्रश्नचिन्हवाले गृहस्थ एकदा लिफ्टमध्ये भेटले. "ताई, माझ्या रिटर्नचं जरा बघाल का?"

"बघते की. आधी ग्रुपवर त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर लिहा."

त्यांनी लिहिलं. माधुरीताई खजिनदार झाल्या.

मला वाटलं, संपलं. पण गेल्या महिन्यात कुरुळीच्या अलीकडे आम्ही अडकलेलो असताना त्यांच्या मोबाइलवर एक मेसेज आला. त्यांनी तो आधी मनात वाचला आणि मग आम्हाला वाचून दाखवला.

'ताई, नमस्कार. तुमचं आणि माझं नाव एकच आहे. ती बातमी माझी होती. कोर्टानं मला निर्दोष सोडलं, पण ते कुणी छापलं नाही. नोकरीला जाईन तिथं लोक आधी नाव टाकून बघायचे आणि मग फोनच यायचा नाही. परवा एका ठिकाणी मुलाखत होती. साहेबांनी माझ्यासमोरच नाव टाकलं. वरपासून खालपर्यंत तुम्हीच. म्हणाले, फार चांगलं लिहिता. मी म्हटलं, त्या मी नाही. तेव्हा ते म्हणाले, बरं, मग तुमच्याबद्दल सांगा. कितीतरी वर्षांनी हे मला कुणीतरी विचारलं. मी सगळं सांगितलं, अटकेचंसुद्धा. सोमवारपासून कामावर जाते आहे. एक विनंती आहे. तुमचं लिहिणं बंद करू नका.'

पुढची रांग हलली, मागून हॉर्न वाजायला लागले, तरी बाळासाहेबांनी गिअर टाकला नाही.

माधुरीताईंनी ओढणीनं चष्मा पुसला, परत घातला आणि एकेका बोटानं उत्तर टाइप केलं.

'नाही करत. या रविवारी कशावर लिहू ते सांगा.'