मशीनच्या आवाजात

आमच्या घरचा व्हॅक्युम क्लीनर माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे आणि स्वभावाने माझ्यासारखाच, म्हणजे काम थोडं आणि बोंब फार. बाबा हिंगणघाटला कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्यात फिटर होते. तिथल्या साहेबाची बदली झाली तेव्हा जड सामान नको म्हणून त्याने हा क्लीनर बाबांना देऊन टाकला. पिंपासारखं लोखंडी अंग, खाली चाकं, आत कापडी पिशवी. घरात त्याला नुसतं 'मशीन' म्हणायचे.

बाबा संध्याकाळी घरी यायचे ते डोक्यापासून पायापर्यंत रुईने पांढरे होऊन. आजोबांना दमा होता, त्यामुळे रुई घरात आणायची नाही हा नियम. बाबा ओसरीत हात पसरून उभे राहायचे आणि आई मशीनची नळी त्यांच्या अंगावरून फिरवायची. गल्लीतली माणसं हसायची. "हालू नका ना," असं आई ओरडायची, तेवढंच ऐकू यायचं. बाकी त्या घरघराटात दोघांचे नुसते ओठ हलताना दिसायचे. आई त्यांना रागावते आहे, असं मी लहानपणी खुशाल धरून चाललो होतो.

आजोबा गेले, काका वेगळे झाले, बाबांचा कारखाना सुटला. आता त्यांच्या अंगावर रुईचा कण नसायचा. तरी रोज सहाच्या सुमारास ते धुतलेल्या सदऱ्यात ओसरीत उभे राहायचे आणि आई मशीन लावायची. बायको म्हणायची, म्हाताऱ्यांची सवय आहे, असू द्या. मला मात्र चिडायला काही ना काही लागतंच. टीव्ही ऐकू येत नाही म्हणून मी रोज कुरकुरायचो.

यंदा पोळा झाला आणि मशीन बंद पडलं. खरं सांगतो, मला बरंच वाटलं. मी नागपूरहून नवं आणलं, हलकं, आवाज जवळजवळ नाहीच. आईच्या हातात दिलं आणि शाबासकीची वाट बघत बसलो. बाबा उभे राहिले, आईने बटण दाबलं, आणि बाबा सवयीने बोलले.

"टोंगळा कसा हाय वं आज? लय दुखते का?"

आईच्या गुडघ्याची ती चौकशी सगळ्या घराने ऐकली. माझी मुलं फिदीफिदी हसली. बाबा कानापर्यंत लाल झाले.

"काई बोलता का लेकरांसमोर," म्हणत आईने नळी खाली ठेवली आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून बाबा सहा वाजता ओसरीत येईनात. आठ दिवस दोघं एकाच घरात होती, पण जेवायला वाढलं, गोळी घेतली का, याच्या पलीकडे एक शब्द नाही. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. माणसांनी भरलेल्या त्या घरात नवरा-बायकोने सगळ्यांसमोर बोलायची पद्धतच नव्हती. आईने बाबांच्या खांद्यावर हात ठेवलेला मी फक्त मशीन लावताना पाहिला होता. त्यांचा सगळा संसार त्या आवाजाच्या आडोशाने बोलला होता, आणि मी बाजारातून शांतता विकत आणली होती. मला माझीच लाज वाटली.

शेतातल्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीकडे जुनं मशीन नेलं. मोटारीचे कार्बन, म्हणजे आत वीज पोचवणारे छोटे ठोकळे, झिजले होते. तसे आता मिळत नाहीत, म्हणून त्याने मोठे कार्बन घासून लहान केले आणि बसवले. मशीन सुरू झालं.

"झाकण लय खडखडून राह्यलं भाऊ," तो म्हणाला. "खाली रबर टाकून देऊ का? आवाज कमी होईन."

"आवाजाले हात लावू नका," मी म्हणालो. तो माझ्याकडे बघतच राहिला.

त्या संध्याकाळी मशीन ओसरीत गरजलं. आईचा डावा हात बाबांच्या खांद्यावर गेला आणि आठ दिवसांचं साचलेलं बोलणं सुरू झालं. मी मुलांना घेऊन आतल्या खोलीत गेलो. बऱ्याच वेळाने मशीन थांबलं आणि बाबांचा आवाज आला.

"पाठीवर राह्यलं पाहा अजून."

मी दारातून डोकावलो. सदरा पांढराशुभ्र होता. आईने पाठीकडे न बघताच पुन्हा बटण दाबलं.