सन्माननीय व्यासपीठ आणि माझं यंत्र

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी प्रोजेक्ट म्हणून शेअर बाजाराचं भाकीत करणारा प्रोग्राम केला होता. त्या भाकितावर एकही जण श्रीमंत झाला नाही, पण मार्क मात्र सगळ्यांना मिळाले. मला वेगळं काही करायची खाज होती. आमचं घर सुरतेत नवागामला, गाव खानदेशात. घरात अहिराणी. आईला लिहिता येत नाही आणि फोनला अहिराणी येत नाही. म्हटलं, अहिराणी ऐकून लिहून काढणारं यंत्र बनवू.

गाइड सर म्हणाले, "इसमें रिसर्च क्या है? शेअर बाजार ले लो, डेटा तैयार मिलता है." मी हट्टाला पेटलो. मग त्यांनी अट घातली, की परीक्षेच्या दिवशी तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी बोलून दाखवायचं. यंत्रानं लिहिलं तर पास, नाही तर पुढच्या वर्षी परत भेटू.

यंत्र शिकवायचं म्हणजे त्याला माणसांचं बोलणं ऐकवावं लागतं, आणि आमच्या गल्लीत बोलण्याला काय तोटा! मी फोन घेऊन निघालो. कापडाच्या लूमवर काम करणारे शेजारचे काका दिवसभर अस्सल अहिराणीत शिव्या देतात. तोंडापुढे फोन धरताच त्यांनी घसा साफ केला आणि सुरू झाले, "सन्माननीय व्यासपीठ, उपस्थित बंधू-भगिनींनो..." समोरच्या मावशींनी आधी डोक्यावर पदर घेतला, मग शेठाणीशी बोलावं तसं गुजराती काढलं. तिसऱ्या घरात मला हिंदीत बातम्या ऐकवल्या. सगळी गल्ली पालथी घातली, पण अहिराणीचा एक शब्द मिळाला तर शपथ.

शेवटी आईनंच उपाय काढला. गच्चीवर बायका बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला बसल्या, तेव्हा तिनं सगळ्यांना सांगून फोन पिठाच्या डब्याआड ठेवला. थोड्या वेळानं सगळ्या फोनला विसरल्या, आणि मग जी अहिराणी सुटली म्हणता! असं पुष्कळदा केलं. परिणाम इतकाच झाला, की माझ्या यंत्राला 'नमस्कार' कळेना, पण "कथा मरी गयथा रे?" म्हणजे 'कुठे मेला होतास रे?' हे ते एका दमात लिहायचं. सुनांच्या बाबतीत तर त्याचं ज्ञान गाढं होतं.

परीक्षेला मी आईलाच नेलं. ठेवणीतली साडी नेसून ती पहिल्या रांगेत बसली. मी 'आपली बोली जगली पाहिजे' या विषयावर कळकळीचं भाषण केलं, तेही संपूर्ण इंग्रजीत. बाहेरून आलेले परीक्षक मान डोलवत होते. मग आईच्या हातात माइक दिला. मागच्या भिंतीवर मोठा पडदा होता, यंत्र लिहील ते सगळ्यांना दिसणार होतं.

आईनं पदर सारखा केला आणि गुजरातीत म्हणाली, "नमस्ते. हुं पांडेसरा पासे रहुं छुं."

आमचं घर तसं नवागामला, पण पांडेसरा हे नाव तिला जास्त भारदस्त वाटलं असावं. पडदा कोरा राहिला. मी तिला खुणावलं. तिनं मान हलवली आणि तेच वाक्य आणखी मोठ्यानं म्हटलं. पडदा कोराच. परीक्षकांनी घड्याळात पाहिलं. गाइड सरांच्या चेहऱ्यावर शेअर बाजार वर गेल्याचं समाधान होतं. वर्ष गेलं म्हणून मी मनात हातपाय गाळले होते. चिडून मी तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "अगं, घरी बोलतेस तसं बोल ना!"

ती माझ्याकडे झुकली. माइक हातात तसाच होता, हे तिच्या लक्षातच नव्हतं. ती अगदी हळू पुटपुटली, आणि मागे पडद्यावर मोठाली अक्षरं उमटत गेली:

"भाऊ, इतला लोकेस्मा आपलं बोलू का? तुले लाज वाटी ना?"

सभागृह ते वाचत होतं. मला लाज वाटेल, ही तिची भीती किती जणांना कळली कुणास ठाऊक. परीक्षक खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी विचारलं, "माताजी ने जो बोला, वही लिखा है? बराबर है?"

"हो सर," मी म्हणालो, "एकूण एक अक्षर बरोबर आहे." आईकडे बघायची मात्र माझी हिंमत झाली नाही.