गोव्याच्या हॉटेलातला वाघ

लोक म्हणे गोव्याला ऊन खायला जातात! चंद्रपूरच्या माणसाला उन्हाचं कसलं आलंय अप्रूप? कोसमटोल्याचा लटारू शेंडे गेला तो पिंजऱ्यासाठी.

गावाभोवती एक वाघीण फिरत होती. दिवाळीनंतर लटारूची बायको रंभा वाकून सरपण गोळा करत असताना वाघिणीनं मागून झडप घातली. लटारू जवळच होता. कुऱ्हाडीचा दांडा घेऊन धावला आणि नाकाडावर, डोळ्यांवर, दिसेल तिथं हाणत सुटला. दांडा मोडला, तर उरलेल्या तुकड्यानं भोसकू लागला. शेवटी वाघिणीनं रंभेला टाकलं. खांदा फाटून हाड उघडं पडलं होतं. रंभा जगली, पण माघात त्याच वाघिणीनं शेजारच्या चैतूच्या म्हातारीला नेलं. सापडलं ते एका गाठोड्यात मावलं.

लटारू वाघापासून गावं राखणाऱ्या एका संस्थेत कामाला. संस्थेची परिषद समुद्राकाठच्या बड्या हॉटेलात भरली होती आणि वाघीण पकडायच्या पिंजऱ्याची परवानगी देणारे वनखात्याचे मोठे साहेब तिथं येणार होते.

"थोडासा वेळ भेटन तुले," संस्थेचे प्रवीणभाऊ म्हणाले. "मोहफूल पडाच्या आधी पिंजरा लावा, एवढंच बोल."

खरंच होतं ते. मोहफूल पडायला लागलं की बाया कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत, अंधारातच जंगलात जाऊन वाकून वेचत बसतात. वाघाला आणखी काय पाहिजे?

लटारू हॉलच्या दाराशी उभा राहून आपलं वाक्य घोकत होता. आता हॉटेलवाल्यांची अक्कल बघा! पाहुण्यांच्या गमतीसाठी त्यांनी एका माणसाला वाघाचं सोंग चढवलं होतं. त्यानं मागून यायचं, डरकाळी फोडायची, खांद्यावर पंजे टाकायचे आणि फोटो काढून घ्यायचा. सकाळपासून सगळे खिदळत होते. मग ते पंजे लटारूच्या खांद्यांवर पडले.

लटारूनं बॅनरचा लोखंडी दांडा उपटला आणि फिरवला. सोंगाचं डोकं उडून पडलं, आतून माणसाचं निघालं, तरी त्याचा हात थांबेना. नाकाडावर, डोळ्यांवर, दिसेल तिथं. दात फरशीवर सांडले.

"लटारू, माणूस हाय थो! माणूस!" प्रवीणभाऊंनी मागून मिठी घातली, तर कोपर बसून त्यांचाही ओठ फाटला.

दांडा हातातून सुटला तेव्हा सोंगाचं पिवळं कातडं लाल झालं होतं. लटारू मटकन खाली बसला आणि दुपट्ट्यानं त्या माणसाचं रक्त पुसू लागला.

"माफ कर रे बाप्पा," तो ढसाढसा रडत होता. "काऊन आला रे असा?"

त्या माणसाला दवाखान्यात नेलं, पोलिसांनी लटारूला उचललं. मोठे साहेब लटारूचं वाक्य न ऐकताच गाडीत बसून गेले.

"पिंजऱ्याचं नाव नोको काढू आता," प्रवीणभाऊ ओठ दाबत म्हणाले. "थो माणूस जगला म्हंजे मिळवली."

लटारू ठाण्याच्या बाकावर बसलेला असताना रंभेचा फोन आला.

"बोलला का जी?"

लटारूला खरं सांगवेना. "बोललो."

"मंग, पिंजरा देतेत?"

"देतेत."

"बरं झालं माय! मोहफूल पडाले लागलं, उद्या साऱ्या बाया येचाले जाऊन राह्यल्या. मी बी जातो मंग. सांगतो त्यायले, आता भ्याचं काम नाई."

"नाई!" लटारू असा ओरडला की अख्खं ठाणं वळून बघायला लागलं. "रंभे, नोको जाऊ! कोणालेच नोको जाऊ देऊ! खोटं बोललो मी. पिंजरा नाई भेटला. म्या इथी माणसाले मारलं."

रंभा फोन तसाच हातात धरून बाहेर पडली असावी, कारण लटारूला आधी कुत्र्यांचं भुंकणं ऐकू आलं आणि मग दार वाजवल्याचा आवाज. पोलिसानं फोन मागितला, तरी लटारूनं तो कानापासून हलवला नाही.

तिकडे रंभा दारोदार ओरडत होती, "नोका जाऊ वो बाई, नोका जाऊ! माह्या माणसानं पिंजरा नाई आणला!"